कागदावर नसलेली ओळ

शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नाला मला नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळत. त्या पत्रांखाली मी ‘अ. ब. क.’ अशी सही करीत असे, कारण उत्तरपत्रिकेत स्वतःचे नाव लिहिण्यास मनाई होती. आजारी नसताना मी रजेचे अर्ज लिहिले, नसलेल्या मैत्रिणीचे अभिनंदन केले, कधी न पाहिलेल्या गावातील पाणीटंचाईविषयी संपादकांना कळकळीने कळवले. पुढे मराठी विषय घेऊन एम. ए. झाले, लग्न होऊन डहाणूजवळ आगरच्या बाजूला चिकूच्या वाडीत आले, आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत खऱ्या माणसाला खरे पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नाही. माहेरी टेलिफोन होता. नंतर सर्वत्र मोबाइल आले. फोनवरही मी बहुधा ऐकून घेते. बाहेरचे जे काही बोलायचे असते ते आमच्या घरी यजमान बोलतात. वाडीच्या फाटकापाशी कोणी आले, तर मी आतूनच ‘ते बाहेर गेलेत’ असे सांगते, ते घरात असले तरी.

ती आमच्याकडे हंगामात चिकू निवडायला येई. तिचे गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. सकाळी जीपने यायचे आणि संध्याकाळी शेवटच्या जीपने परतायचे, असा तिचा क्रम होता. तिचा नवरा गुजरातेतील एका बंदरावरून मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जात असे. एका वर्षी ती बोट समुद्रातली सीमा ओलांडून गेली असे म्हणतात. सीमा कोणाला दिसत नाही, पकडणाऱ्यांना दिसली. बोटीवरची सगळी माणसे पलीकडच्या देशाच्या तुरुंगात गेली.

फोनची सोय नव्हती. फक्त पत्रे जात. एका संस्थेचा कार्यकर्ता तलासरीला येऊन अशा घरांची पत्रे गोळा करी आणि तिकडून आलेली वाटून जाई. जायला दोन महिने, यायला दोन महिने, कधी त्याहून जास्त. दोन्हीकडे पत्र फोडून वाचले जाई, म्हणून त्याने बजावले होते की फक्त घरचे लिहा, आणि एका पानात लिहा.

एक दिवस ती चिकूच्या पाट्या सोडून ओटीवर आली. मी जुन्या पुस्तकातला उतारा वहीत उतरवीत बसले होते.

“बाई, तुम्ही रोज लिवता. माझं पण एक पान लिवा.”

तिच्या मुली आश्रमशाळेत शिकत होत्या आणि त्यांना लिहिता येत होते. पण नवऱ्याला लिहायचे पत्र मुलींच्या हातून लिहवून घेणे तिला नको होते. मी हो म्हटले, कारण नाही म्हणायला मला अधिक शब्द लागले असते.

आणि मग माझ्या लक्षात आले की मला पत्र लिहिता येत नाही. रजेचा अर्ज येत होता. मी डहाणू स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन पत्रलेखनाचे मार्गदर्शक मागितले. दुकानदाराने विचारले, मुलगी कितवीला? मी म्हटले, दहावीला. मला मुलगी नाही. त्याने आपणहून गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकांचा संचही पुढे केला, आणि तोही मी घेतला.

त्या पुस्तकात एक तक्ता होता. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, लहानांना ‘चिरंजीव’. मायना कसा, शेवट कसा, वडिलांना नमस्कार आणि धाकट्यांना आशीर्वाद कोणत्या ओळीत. विद्यार्थ्यांसाठीचे पुस्तक असल्यामुळे नवरा त्या तक्त्यात नव्हताच. मी तिला विचारले, त्यांचे नाव काय लिहू? तिने पदर तोंडाला लावला. नाव ती घेणार नव्हती.

“लिवा, पोरींचा बापूस.”

मी ‘सप्रेम नमस्कार’ असे लिहिले. ‘येथील सर्व कुशल’ हे वाक्य पुस्तकातून घेतले. शेवटी ‘आईचे तुम्हांस आशीर्वाद’. ती आई म्हणजे तिची सासू. सासूने घरून सांगून पाठवले होते म्हणे, माझा आशीर्वाद लिव म्हणावं.

चार महिन्यांनी उत्तर आले. नवऱ्यालाही लिहिता येत नव्हते. त्याच्या वतीने आमच्याच किनाऱ्यावरचा एक खलाशी लिहीत असे. तो गुजराती शाळेत शिकला असावा, कारण त्याच्या मराठी अक्षरांना डोक्यावरची रेघ नव्हती. मला ती अक्षरे प्रथम उघड्या डोक्याच्या माणसांसारखी विचित्र वाटली, मग सवय झाली. प्रत्येक पत्राचा आरंभ ठरलेला: ‘आईला साष्टांग नमस्कार.’ त्यानंतर मुली, त्यानंतर भाताचे काय झाले, आणि शेवटी ‘मी बरा आहे’. ‘येथील सर्व कुशल’ लिहिणारी मी होते. ‘मी बरा आहे’ ह्या वाक्याची जात मला चांगली ठाऊक होती.

अशी दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत मी घराबाहेर फारशी पडले नाही, पण महिने मोजण्याची माझी पद्धत बदलली. पत्र आता कुठे असेल, ह्यावरून मी ऋतू ओळखू लागले.

तिसऱ्या वर्षी कापणीच्या दिवसांत तिची सासू वारली. ती आठ दिवस कामाला आली नाही. आली तेव्हा हातात नवऱ्याचे नवे पत्र होते, सासू जाण्याच्या आधी निघालेले. ‘आईला साष्टांग नमस्कार. तिच्या गुडघ्याला तेल लावीत जा.’

मी हळूच विचारले, आता काय लिहायचे?

“नेहमीचंच लिवा. आईचा आशीर्वाद पण लिवा. तिथं त्याला रडायला जागा तरी हाय का? सुटून आला की मी सांगीन. माझ्या तोंडानं सांगीन.”

माझा विरोध होता असे मी म्हणणार नाही. विरोध करणारी मी कोण होते? मी लिहू लागले. भात, मुली, शाळेत मिळालेली नवी चप्पल. शेवटच्या ओळीपाशी पेन थांबले. शाळेतल्या सगळ्या खोट्या पत्रांनी कधी बोट अडवले नव्हते, आणि हे एक अडले. मेलेल्या बाईचा आशीर्वाद माझ्या अक्षरात लिहायला मला धीर झाला नाही. लिहिणे खोटे, न लिहिणे म्हणजे काहीच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती ओळ मी गाळली.

मग रीतीप्रमाणे पत्र तिला वाचून दाखवले. शेवटी येताच तिची मान वर झाली, आणि मी कागदावर नसलेली ओळ वाचली: “आईचे तुम्हांस आशीर्वाद.” आवाज बदलला नाही. ती समाधानाने उठली.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. पत्र परत बोलावता येत नाही. तिला सांगावे तर मी वाचलेले खोटे सांगावे लागणार. ती आली की मी काहीतरी निमित्ताने परसात जाई. एकदा यजमानांनी विचारले, तिचे काही बिनसले आहे का तुझ्याशी? मी म्हटले, कुठे काय. वाडीला चारी बाजूंनी कुंपण आहे, ते जनावरांसाठी. त्या दिवसांत मी फाटकापर्यंत जाऊन परत फिरत असे.

उत्तर आले ते थंडी संपताना. शेडमध्ये पाट्या भरून झाल्या होत्या, इतर बायका जीपकडे निघाल्या होत्या. तिने मला पत्र दिले आणि समोर बसली. मी घडी उघडली. पहिली ओळ नेहमीच्या जागी नव्हती. त्या बिनरेघेच्या अक्षरांत लिहिले होते:

‘आईचा आशीर्वाद आला नाही. मी समजलो. कधी गेली ते लिहिणे.’

मी थांबले. मला अजूनही वाट होती. ‘आईला साष्टांग नमस्कार’ असे मी वाचू शकले असते. तिला कळले नसते. माझ्या तोंडात ते शब्द तयारही झाले होते.

“थांबल्या का?” तिने विचारले.

मी जसे होते तसे वाचले.

ती बराच वेळ एका चिकूच्या देठाशी चाळा करीत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही लिवला नव्हता.”

“नाही.”

“वाचला होता.”

“हो.”

मला वाटले ती उठून जाईल. ती गेली असती तर मला सोपे झाले असते, हेही खरे. पण तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती. तिच्या पाड्यात लिहिता येणारी मोठी माणसे कामासाठी बाहेर होती, आणि पत्र परवा द्यायचे होते. मलाही जागा नव्हती. आम्ही दोघी त्या पाट्यांमध्ये बसून राहिलो.

“त्यानं इच्यारलं असतं, तू कुठं होती,” ती म्हणाली. “म्हणून सांगत नव्हती मी. रडण्याचं कारण नंतरचं.”

मग तिने मला कागद घ्यायला सांगितले. मायना घातलाच नाही, तिने थांबू दिले नाही. ती सांगत गेली तसे मी लिहीत गेले. सकाळी आईने पेज घेतली. नागलीची भाकर नको म्हणाली. उन्हात बसते म्हणाली, म्हणून खाट बाहेर काढून दिली. शेजारी सगळे कापणीला गेले होते. दुपारी कधीतरी गेली. कोणी जवळ नव्हते. मी घरी नव्हते.

“पुढं लिवा. मी बाईकडे होती. त्या दिशी कापणीसाठी दुपारच्याच जीपनं परतणार होती, पण तुला पत्र लिवायला बसली, म्हणून ती जीप गेली. संध्याकाळच्यानं आली, तोवर आई गेली होती.”

मी तिच्याकडे पाहिले. हे मला तिने कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी आम्ही ओटीवर बसून लिहिले होते, आणि मीच ‘कुशल’ हा शब्द नीट आला नाही म्हणून पान पुन्हा लिहायला घेतले होते.

“लिवा ना,” ती म्हणाली.

मी लिहिले. पान भरले, मागची बाजू भरली, दुसरे पान घेतले. एका पानाचा नियम तिलाही आठवत होता, पण तिने तो बोलून दाखवला नाही.

संपल्यावर मी वाचायला सुरुवात केली. तिने हात पुढे करून मला अडवले आणि पत्र आमच्या दोघींच्या मध्ये, उपड्या पाटीवर ठेवले.

“आई कुठं लिवलंय ते दाखवा.”

मी बोट ठेवले. तिने त्या शब्दाकडे वाकून पाहिले, आणि मग खालच्या ओळीत तसाच आणखी एक स्वतःच शोधून काढला. तिसऱ्याच्या वेळी ती चुकली. तो ‘आणि’ होता. मी तसे सांगितले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, खरे सांगते की नाही ते पाहत असावी. मग म्हणाली, “आता वाचा. बोट ठेवून.”

प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवीत मी दोन्ही पाने वाचली. तिचे डोळे माझ्या बोटावर होते. वाचून झाल्यावर घडी तिने स्वतः घातली. इतकी वर्षे पत्र माझ्याकडे ठेवून ती जाई आणि पाकिटावरचा पत्ता मी सावकाश घालीत असे. त्या दिवशी पाकीट तिने समोरच लिहून घेतले, पोलक्यात ठेवले, आणि शेवटची जीप गाठायला निघाली.

तो अजून सुटलेला नाही. ती अजून येते, मी लिहिते, आणि वाचताना बोट ठेवते.