लाईट बिलाची झेरॉक्स

घाटकोपरला आमच्या बिल्डिंगपासून दोन मिनिटांवर अभ्यासिका आहे. पंखे, थंड पाणी, स्वच्छ संडास आणि मुख्य म्हणजे शांतता. माझ्या मुलीनं बारावीला तिथं नाव घातलं होतं. चार दिवस गेली, मग घरीच एसी लावून बसायला लागली.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी देवनारहून यायच्या. त्यांचीही मुलगी बारावीलाच. एकच खोली, शेजारी दिवसभर स्पीकर, आणि वारा फिरला की डंपिंगच्या कचऱ्याचा धूर. अभ्यासिका त्यांच्याकडे जवळपास कुठंच नव्हती. एका सकाळी कणीक मळता मळता त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या लाईट बिलाची एक झेरॉक्स द्या ना. पोरीचं नाव इथल्या अभ्यासिकेत घालते. घरी अभ्यासाची पार वाट लागते तिच्या."

"बघते," मी म्हणाले.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "लाईट बिल कुणाच्या हातात द्यायचं नसतं गं. उद्या आपल्या पत्त्यावर काही कागद काढले म्हणजे? भटाला दिली ओसरी..." घरात भट आम्हीच, तरी मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी पटवून घ्यायला टपलेलीच होते.

दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितलं, "विचारून आले मी. फक्त इथं राहणाऱ्यांच्याच मुलांना घेतात." विचारायला मी गेलेच नव्हते.

"असू दे, ताई."

आठवड्यानं त्यांची मुलगी स्वतःच अभ्यासिकेत चौकशी करून आली. इथल्या कुणाचंही बिल आणि दोन ओळींची चिठ्ठी, एवढंच लागत होतं. हे मला मावशींनीच सांगितलं, पोळी लाटताना, मान वर न करता. नियम बदलला असेल, असं काहीतरी मी पुटपुटले.

"पोरगी म्हणत होती, ताईंना परत विचार," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, नको गं. त्यांना परत खोटं बोलावं लागेल."

आवाजात राग नव्हता. असता तर मीही चिडले असते आणि सुटले असते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षेला अजून दोन महिने होते. बिल समोर फ्रिजवरच लावलेलं होतं, हात लांब केला असता तरी पुरे होतं.

"मावशी," मी म्हणाले, "चहा घेता का थोडा?"