सव्वावीस इंचांची टोपी

ऑखेनरिग गावात कुणाचं डोकं केवढं आहे, हे परमेश्वराच्या खालोखाल एफी पिकेनला ठाऊक होतं. पाद्रीबुवांचं साडेबावीस इंच, बँकेच्या मॅनेजरचं पावणेबावीस, आर्ची लोगन खाटकाचं भलंमोठं पंचवीस. घरामागच्या जुन्या धुण्याच्या खोलीत लाकडी साचे ओळीनं मांडलेले असत आणि प्रत्येकाच्या कपाळावर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असे. गावातलं कुणी फारच तोऱ्यात वागायला लागलं, की एफी त्याच्या साच्यावर टिचकी मारून बघायची. "सगळ्यांचा आवाज सारखाच येतो," असं ती सांगायची.

ती बालमोरल बनवायची, म्हणजे किल्टवर, पुरुषांच्या त्या चौकड्यांच्या घागऱ्यावर, घालायची ती गोल, पसरट, लाल गोंड्याची टोपी. आधी जेवायच्या ताटापेक्षा मोठी आणि ढिली विणायची, मग कढत पाण्यात साबण घालून ती निम्मी होईपर्यंत बडवायची, पिळायची, पुन्हा बडवायची. आटलेली टोपी साच्यावर ओढून दोन दिवस वाळवायची. मग काटेरी ब्रशनं तिची लव उठवायची, गोंडा लावायचा, मागे काळ्या फिती सोडायच्या. आटवण्यात आळस केला तर टोपी पुढे पावसात मालकाच्या डोक्यावरच आटायची. आणि आयरशरच्या मुलखात पाऊस काही पाहुणा नव्हे, घरचाच माणूस. एफीची टोपी तीस वर्षांत एकदाही कुणाच्या डोक्यावर आटली नव्हती.

एवढं करून किंमत काय, तर रविवारी घरात शिजणाऱ्या मटणाच्या तुकड्याएवढी. लोक विचारत, "एवढी स्वस्त कशी परवडते गं?" एफी म्हणायची, "मला परवडायला नको, तुम्हाला परवडायला हवी." यामागे तिच्या वडिलांचं लग्न होतं. किल्ट भाड्याचा, टोपी शेजाऱ्याची. शेजाऱ्याला त्याच दिवशी कुठेशी जायचं होतं, म्हणून फोटो काढायच्या आधीच तो टोपी घेऊन गेला. त्या फोटोत आई नटूनथटून उभी आणि वडील बोडके. ते मरेपर्यंत त्या फोटोसमोर बसले नाहीत. "किल्ट भाड्यानं मिळतो," एफी म्हणायची, "डोकं आपलं असतं. त्यावरचं तरी आपलं असावं." तिच्यामुळे गावात गवंड्यापासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येकाकडे स्वतःची टोपी होती, आणि जूनमधल्या मिरवणुकीत अख्खं गाव लाल गोंडे मिरवत चालायचं.

हे ज्यांच्या डोळ्यांत खुपलं ते कॅप्टन लुडोविक कारमायकल-ऑर. सैन्यात त्यांनी नक्की काय गाजवलं ते कुणाला सांगता येत नव्हतं. जाणकारांचं म्हणणं असं, की बावीस वर्षं मोजे वाटले. निवृत्त होऊन ते ऑखेनरिगला आले, टेकडीवरचं घर घेतलं आणि दोन वर्षांत मिरवणूक समितीचे अध्यक्ष झाले, कारण दुसरं कुणी ते काम मागत नव्हतं. टोपीवर गरुडाची तीन पिसं लावायचा मान कुळाच्या प्रमुखाचा. कॅप्टनसाहेब कुठल्याच कुळाचे प्रमुख नव्हते. म्हणून त्यांनी अडीच लावली होती. तिसरं अर्ध्यात कापलेलं, म्हणजे कुणी हरकत घ्यायला नको. ही टोपी त्यांच्या डोक्यावरून कधी उतरत नसे. चर्चच्या दारातही ती अगदी शेवटच्या क्षणी निघायची आणि खाली तेल लावून फुगवलेल्या केसांचा मोठा डोंगर दिसायचा.

एप्रिलमध्ये त्यांनी आर्चीच्या दुकानाच्या दारावर कागद लावला. यंदापासून मिरवणुकीत फक्त 'मान्यताप्राप्त पेढीची अस्सल टोपी' चालेल, घरगुती स्वस्त माल चालणार नाही. ठराव शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मताला येणार होता.

आर्ची तो कागद फाडूनच एफीकडे घेऊन आला. "बघ काय लिहिलंय! म्हणतो, पर्यटकांना विकायचा कचरा."

"कचरा असा शब्द लिहिलाय?"

"लिहिला नाही. माझ्या दुकानात उभं राहून बोलला. चार बायका होत्या, मीही होतो. खाऱ्या सारणाची किडनी पाई घेतली आणि गेला."

"आणि तू त्याला पाई दिलीस?"

"दिली खरी," आर्ची खजील होऊन म्हणाला. "पण कालची दिली."

एफी हसली नाही. तिला लागलं होतं, आणि खोलवर लागलं होतं. त्या संध्याकाळी खिमा-बटाटे ताटात तसेच गार झाले. मान्यताप्राप्त पेढीची टोपी तिच्या टोपीच्या पाचपट किमतीची. दूधवाला काय ती घेणार? अर्धं गाव तिच्या बापासारखं बोडकं चालणार, आणि जे गाव तिनं टोप्यांनी झाकलं त्याच गावात तिची टोपी टाकाऊ ठरणार. गुरुवारी पोस्टमनची बायको रस्ता ओलांडून पलीकडून गेली. एफीशी काय बोलावं ते तिला सुचलं नसावं.

शुक्रवारी हॉल गच्च भरला. कॅप्टननी टेबलावर दोन टोप्या मांडल्या. एक आर्चीची, एफीनं केलेली. दुसरी त्यांची स्वतःची, पिसं काढून ठेवलेली. ती त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावरून अशी उतरवली, की जणू राज्याभिषेकच उलटा चाललाय.

"ही एडिनबराच्या पेढीची," ते म्हणाले. "हिची लव बघा, हिचा घाट बघा. हिला घराणं आहे. आणि हिला," त्यांनी आर्चीची टोपी दोन बोटांनी उचलली, "हिला फक्त आकार आहे."

"आकार आहेच!" मागून आर्ची ओरडला. "माझं डोकं आहे ते!"

लोक हसले. कॅप्टन हसले नाहीत. "मिसेस पिकेन, या ना पुढे. स्वतः हात लावून बघा. शिकायला वय आड येत नाही."

एफी उठली. टेबलापाशी गेली. तिनं एडिनबराची टोपी हातात घेतली आणि बोटांना आधी कळलं, मग तिला. आतली पट्टी तिनं अंगठ्यानं दुमडली. खाली हिरव्या दोऱ्याची गाठ होती. तिच्या आजीची खूण, आईची खूण, तिची खूण.

एडिनबराची ती पेढी दर महिन्याला तिच्याकडून टोप्या घेऊन वर आपली चिठ्ठी शिवायची, हे तिला ठाऊकच होतं. पण ही टोपी वेगळी होती. हिची मागणी गेल्या हिवाळ्यात आली होती: पुरुषाची टोपी, वरचा घेर मिळेल तेवढा पसरट, आतलं माप सव्वावीस इंच. एफीला वाटलं लिहिताना चूक झाली. तिनं फोन केला. "सव्वाबावीस का हो?" पलीकडचा माणूस हळू आवाजात म्हणाला, "नाही, मॅडम, सव्वावीसच. गिऱ्हाईक मानाचं आहे, विचारू नका." एवढ्या मापाचा साचा तिच्याकडे एकच होता. आर्चीच्या मुलीचा, शीनाचा, ती सात वर्षांची असतानाचा.

एफीनं कॅप्टनकडे बघितलं. केसांच्या डोंगराकडे, आणि डोंगराखाली जे काय होतं त्याकडे. तिला इतकं हसू आलं की ते दाबायला खोकावं लागलं. मग ती टेबलावरून वाकली आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कॅप्टनसाहेब, हिचा साचा माझ्या फळीवर आहे. त्यावर लिहिलंय, 'शीना लोगन, वय सात'. पळत जाऊन घेऊन येऊ का इथे? आर्चीला बरं वाटेल."

कॅप्टनचा चेहरा गोंड्यासारखा झाला. क्षणभरानं तेही कुजबुजले, "मिसेस पिकेन, हे तुमच्या तोंडून कुणाला..."

"जिभेवर येणार नाही. पिकेनांचा शब्द."

ते सरळ उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, की मिसेस पिकेनशी आत्ता सविस्तर चर्चा झाली असून त्यांच्या टोप्या समितीला मान्य आहेत. ठराव मागे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कुणासाठी? कॅप्टनसाठी. पाद्रीबुवांनी तर अध्यक्षांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल आभाराचा ठराव मांडला. एफी आपल्या जागेवर जाऊन बसली आणि तिनं कोटाची बटणं लावली. गाव बोडकं होणार नव्हतं. तिला तेवढं पुरे होतं.

तिथेच थांबलं असतं तर हा शब्द खरंच शेवटपर्यंत टिकला असता. पण जूनमध्ये मिरवणुकीच्या शेवटी, बारीक पावसात, तीनशे लाल गोंड्यांसमोर कॅप्टननी भाषण केलं. म्हणाले, आज या टोप्यांना जो दर्जा आलाय तो सहज आलेला नाही; आपल्या गावातल्या एका साध्या बाईला आपण स्वतः बसून अस्सल टोपी म्हणजे काय ते समजावलं, आणि तिनंही मन लावून शिकून घेतलं. पुन्हा टाळ्या. एफीनंही वाजवल्या, चारच, पण मोठ्या.

शब्द तिनं मोडला नाही. कुणाला एक अक्षर बोलली नाही. सोमवारी सकाळी तिनं फळीवरचा सगळ्यात छोटा साचा उतरवला, पुसला, त्यावर नवी चिठ्ठी चिकटवली आणि रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला. शेजारी आर्चीचा ठेवला, तुलनेला बरा.

आर्ची दुकान उघडायला चालला होता. तो खिडकीशी थांबला. चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि दोन्ही पंजे हवेत धरून माप घेऊन बघितलं. मग तसेच पंजे धरून तो आत शिरला.

"एफी! हे काय गं?"

"साचे आहेत. साच्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायची आमच्या आजीपासूनची पद्धत आहे."

"पण हा... हा तर आमच्या शीनाचा!"

"होता," एफी गोंडा शिवत म्हणाली. "तिचं डोकं पुढे वाढलं."