हार घालायच्या आधी सांगायचं होतं

मंडळी, आज चेन्नईजवळच्या ओरगडमच्या आमच्या कारखान्यात नव्या पॅकिंग मशीनची पूजा झाली.

मशीन येणार म्हटल्यावर सगळ्यांना निरोप पोचवायचं काम माझ्याकडे होतं. पुण्याच्या साहेबांना मराठीत सांगितलं, "माणसं कमी लागतील." इंजिनिअर पोरांना इंग्रजीत मशीनचा वेग सांगितला. पॅकिंगच्या बायकांना तमिळमध्ये म्हटलं, "आता पाठ दुखणार नाही." बायकांना कामावरून कमी करायचंय, ते पूजेनंतर सांगा, असं वरून आलं होतं. मी मान डोलावली.

सकाळी पॅकिंगमधल्या सेल्वीने मशीनला स्वतः गुंफलेला हार घातला. मला ती तमिळमध्ये 'अय्या' म्हणते, म्हणजे 'साहेब'. म्हणाली, "अय्या, हा नवा गडी ना डबा आणतो, ना गप्पा मारतो. जेवणाच्या सुट्टीत मला करमायचं कसं?" सगळ्या खिदळल्या.

मग प्रसादाच्या गोड पोंगलचा, म्हणजे गूळभाताचा, द्रोण माझ्या हातात देत तिने विचारलं, "उद्या माझी शिफ्ट कोणती?"

मी तिला बाजूला नेऊन सांगितलं, उद्यापासून काम नाही.

ती मशीनवरच्या हाराकडे बघून म्हणाली, "हार घालायच्या आधी सांगायचंत ना, अय्या."

ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगतो, याचा मला केवढा तोरा होता! द्रोण अजून तसाच समोर आहे. तुमच्याकडे अशी बातमी कोण सांगतं हो, आणि कधी?