यादीत नसलेलं घर

बाळांनो,

शाळेच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही विचारलंत, हिंदूंचा धर्म आणि बौद्धांचा धम्म यांत फरक काय. मी पानभर उत्तर टाइप केलं. धर्म म्हणजे जो धारण करतो तो. वय आणि समाजातली जागा पाहून ज्याचं त्याचं ठरलेलं कर्तव्य. धम्म म्हणजे बुद्धाची शिकवण. माणसाने माणसाशी नीट वागणं, सगळ्यांशी सारखंच. त्यात चूक काही नाही. तरी ते पान मी पाठवलं नाही. त्याऐवजी हे वाचा. प्रोजेक्टला याचा उपयोग होणार नाही.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या समोरच्या दारात विदर्भातलं एक बौद्ध कुटुंब राहायचं. त्या घरच्या ताई माझ्याच वयाच्या, सकाळच्या शाळेत शिकवायच्या. तुमचे बाबा तेव्हा लहान होते, ते शाळेतून दोनला यायचे आणि मी ऑफिसातून सहाला. मधले चार तास ते ताईंकडे असत. सात वर्षं. त्यांच्या हातच्या झुणक्याची बाबांना इतकी सवय झाली की माझ्या झुणक्याला ते अजून ‘ऑफिसवाला’ म्हणतात.

दर संक्रांतीला मी हळदीकुंकू करायचे. ओळखीच्या बायकांना घरी बोलावून हळदकुंकू लावायचं, तिळगूळ आणि एखादी लहानशी वस्तू द्यायची. ब्लॉकमधल्या मराठी घरांची मी क्वार्टर नंबरनुसार यादी करायचे. समोरचा नंबर त्यात कधीच नसे. “त्यांच्यात हे करत नाहीत, बोलावून अडचणीत कशाला टाकायचं?” असं मी म्हणायचे. बाकीच्या माना डोलवायच्या. त्यांतल्या दोघी ताईंच्या घरचं पाणीही पीत नसत, हे मला माहीत होतं. त्या दोघी मला यायला हव्या होत्या. कारण एवढंच होतं, आणि त्याला मी आदर म्हणत आले. दुसऱ्या दिवशी वाटीभर तिळगूळ मात्र बाबांच्या हाती समोर पाठवायचे.

गेल्या जानेवारीत कळलं, ताई दिल्लीतच द्वारकेला मुलाकडे असतात आणि बऱ्याच आजारी आहेत. मी तिळगुळाचा डबा घेऊन नोएडाहून मेट्रोने गेले. वाक्य पाठ केलं होतं.

“ताई, मी तुम्हाला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. माझं चुकलं. माफ करा.”

“अच्छा, त्यासाठी एवढी मेट्रो?” त्या हसल्या आणि हसता हसता खोकल्या. “त्या संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीतला दिवा लावत नसे. तुमच्या पाहुण्यांना वाटायला नको, ही घरात आहे आणि हिला बोलावलं नाही. तुमचीच पंचाईत व्हायची.”

“बोलावलं असतं तर आला असतात?”

“बिल्कुल नाही. धम्म घेतल्यावर कुंकू सोडलेलं घर आमचं. पण वहिनी, ते ‘नाही’ माझं होतं. तेही तुम्हीच म्हणून टाकलंत.”

मी पुन्हा माफी मागितली.

“माफ केलं म्हटलं तर खोटं होईल. खोटं बोलायचं नाही, हे शील मी रोज म्हणते. आज नाही होत, वहिनी. पुन्हा या, बघू. डबा ठेवून जा. तिळगूळ तर तुम्ही पाठवायचातच.”

मी पुन्हा गेले नाही. आधी धुकं होतं, मग गुडघा दुखत होता. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

मार्चमध्ये त्यांच्या सुनेचा फोन आला. ताई गेल्या होत्या. “रविवारी आईंचं पुण्यानुमोदन आहे, मावशी, श्रद्धांजलीचा कार्यक्रम. आईंनी कुणाकुणाला कळवायचं ते सांगून ठेवलं होतं. तुमचं नाव घेताना म्हणाल्या, त्यांना विचार. यायचं की नाही ते त्या ठरवतील.”

मी गेले. पांढऱ्या साड्यांमध्ये सर्वांत मागे बसले. सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. मीही ओठ हलवत होते. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा ते हलेनात. नंतर सुनेने आग्रहाने पानावर बसवलं. झुणका होता.

जानेवारीत त्या ‘पुन्हा या’ म्हणाल्या होत्या. गेले असते तर कदाचित पुन्हा नाहीच म्हणाल्या असत्या. आता ते ‘नाही’सुद्धा मला कुणाकडून ऐकायला मिळणार नाही. तुमच्या बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही.