त्या दिवशी भोपळ्या जेवला होता

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलीला तर नाहीच. सांगलीच्या बहिणीला मी भाजी करपली तरी फोन करते, तिलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

भोपळ्या आमचा कुत्रा. म्हणजे सईचा, माझ्या मुलीचा. पिवळा, गोल लॅब्रॅडॉर. नाव तिनंच ठेवलेलं. नवऱ्याची चंदीगडला बदली झाली, तेव्हा शेजारच्या कौर आंटींना ते नाव जमेना. त्या त्याला ‘भोपाल’ म्हणायच्या, आणि तो त्यालाही शेपूट हलवायचा.

मग त्याच्या गळ्याशी गाठी आल्या. कॅन्सर. त्याच सुमारास नवऱ्याची पुढची बदली आली, थेट गुवाहाटी. सई नोकरीला बंगळूरला. फोनवर बोलणं झालं आणि ठरलं, की उपचार अर्धवट सोडायचे नाहीत, मी भोपळ्याला घेऊन इथंच थांबायचं. ठरलं म्हणजे — त्या दोघांनी ठरवलं. मी ‘बरं’ म्हणाले. मी नेहमी ‘बरं’च म्हणते, आणि मग महिनोन्‌महिने धुमसत बसते.

अर्धं सामान गेलं. क्वार्टरमध्ये उरलो मी, तो, आणि बांधलेली खोकी. सलाईनमधून औषध द्यायला त्याला शेजारच्या पंचकुल्याला, दवाखान्यात न्यायचं. ऑटोवाले लांबूनच हात हलवायचे, ‘ना जी, सीट खराब होगी.’ गोळ्यांनी त्याला सारखी तहान लागायची. पाणी प्यायचा आणि दारापर्यंत पोचायच्या आत तिथंच करायचा. मी पुसायचे. तो पुन्हा प्यायचा. जानेवारीतलं धुकं, चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत — हीटरसमोर खुर्च्यांवर टाकलेल्या, आणि घरभर तो वास. गोळी पनीरमध्ये दडवली तर पनीर खाऊन गोळी तेवढी बाहेर काढून ठेवायचा, नीट, माझ्या पायाशी. मी ओरडायचे त्याच्यावर. मोठमोठ्यानं, मराठीत, आसपास कुणाला कळत नाही म्हणून. ‘मर की एकदाचा’ असंही म्हणालेय मी. आणि तो काय करायचा? शेपूट हलवायचा.

संध्याकाळी सईचा व्हिडिओ कॉल. ‘मम्मा, कॅमेरा नीचे करो ना, उसका फेस दिखाओ.’ मी फोन खाली धरायचे. माझा चेहरा कुणाला बघायचा होता? नवरा गुवाहाटीहून विचारायचा, ‘आज काय खाल्लं त्यानं?’ मी काय खाल्लं ते मलाच आठवत नसायचं.

डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या. गाठी पुन्हा वाढल्या तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, ‘अब ज़्यादा वक़्त नहीं है. पर जब तक ये मन से खा रहा है, इसे जीने दीजिए. जिस दिन खाना छोड़ दे, मुझे फ़ोन कीजिए. मैं घर आ जाऊँगी.’

सोपं होतं. खातोय तोवर थांबायचं.

बुधवारी सईचा फोन आला. ती शनिवारी येणार होती. लुधियानाला कुणी मोठे डॉक्टर आहेत, वेगळं औषध देतात, त्यानं आणखी काही महिने मिळतील. ती आनंदात होती. ‘दर आठवड्याला जावं लागेल. बट तू तो है ना वहाँ, मम्मा.’

तू आहेसच ना तिथे. त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. खरंच सांगते, मला त्या क्षणी कुत्र्याची दया आली नाही. मला चादरी दिसल्या.

गुरुवारी सकाळी भोपळ्यानं दहीपोळी खाल्ली. ताटली चाटून स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेली. मी ती उचलली, घासली, पुसून फडताळात ठेवली. आणि डॉक्टर मॅडमना फोन केला — ‘दो दिन से कुछ नहीं खाया. रात भर कराहता है.’

त्या दुपारी आल्या. बेल वाजली तसा तो उठला, लंगडत दारापर्यंत गेला, त्यांच्या हातात तोंड घातलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘आज तो ठीक लग रहा है?’

‘आपको देखके,’ मी म्हणाले. ‘वैसे पड़ा रहता है.’

‘बेटी से बात हो गई?’

‘हो गई.’

त्यांनी पर्समधून बिस्किट काढलं. तो ओळखायचा ते. दवाखान्यात दर वेळी मिळायचं. त्यानं मान वर केली. त्यानं ते खाल्लं असतं तर? मी पटकन पुढे होऊन त्यांचा हात धरला. ‘मत दीजिए, उलटी करेगा.’

त्यांनी बिस्किट परत ठेवलं. तो पर्सकडे बघत बसला. इंजेक्शन देताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तरी तो तिकडेच बघत होता.

त्यानंतर मी रडले. कौर आंटी चहा घेऊन आल्या, पाठीवर हात फिरवत पंजाबीत म्हणाल्या, ‘तुसी बड़ी सेवा कीती, बहनजी.’ मी चहा प्यायले.

सईला फोनवर सांगितलं, एकदम बिघडला, फार त्रास होत होता, तुझी वाट बघायला वेळच नव्हता. ती शनिवारी आली ती रिकाम्या घरात. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, ‘मैं लेट हो गई, मम्मा.’

मी तिला थोपटलं.

याला आता काही वर्षं झाली. आम्ही गुवाहाटीहूनही हललो. सई अजून म्हणते, मी दोन दिवस आधी निघायला हवं होतं. नवीन कुत्रा घेऊ या म्हटलं, की मान हलवते — जो वेळेवर पोचत नाही त्यानं कुत्रा पाळू नये म्हणे. मागच्या महिन्यात पाहुण्यांसमोर पुन्हा तेच म्हणाली, आणि वर, ‘मम्मानेच सगळं केलं त्याचं.’

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी ‘चला, पानं घेते’ म्हणाले आणि आत गेले.