मी न मोजलेलं गवत

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या राखीव जंगलात तात्पुरत्या नोकरीवर लागलो. काम सांगायला सोपं होतं. वीस पावलांचा दोराचा चौकोन जमिनीवर मांडायचा, आतली झाडं मोजायची, कुठल्या जातीचा भरणा जास्त, तिच्या सोबतीनं काय उगवतं, खाली गवत किती, ते तक्त्यात लिहायचं. त्यावरून तो तुकडा सागाच्या गटात जाणार, सालईच्या की अंजनाच्या, ते ठरे.

माझ्याबरोबर वाटाडे म्हणून पायथ्याच्या पाड्यावरचे एक साठीतले गृहस्थ असत. मी त्यांना आबा म्हणे, ते मला भाऊ म्हणत. मधे आठवडाभर ते लेकीकडे गेले होते, तेव्हा पश्चिमेकडचे उतार मी एकट्यानंच केले. ऊन फार होतं. झाडं मोजली, पण गवताचा रकाना मी बऱ्याच ठिकाणी खडकाच्या सावलीत बसून, लांबून बघून भरला. हे कुणाला कळणार होतं?

आबा परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सालईच्या एका तुकड्यात दोर ताणत होतो. आबा एकाएकी थांबले आणि नाक वर करून वास घेऊ लागले. मग मलाही वास आला. खालच्या नाल्यातून बांबू फुटल्याचे आवाज येत होते, बंदुकीसारखे. वणवा लागला होता आणि वारा आमच्याच दिशेनं वाहत होता.

मी दोर टाकून सरळ चढाकडे धावलो. आबांनी मागून सदरा धरला.

"वर नका जाऊ, भाऊ. आग वरच चढस."

"मग कुठे जायचं?"

"गवत नही अशी जागा कोठे शे? तुम्ही लिखेल शे ना?"

वही पिशवीत होती. मी ती उघडून भराभर पानं उलटली. शेवटी सापडलं: पश्चिम उतारावरच्या धोंडीपलीकडचा, म्हणजे खडकांच्या रांगेपलीकडचा, अंजनाचा तुकडा, खाली उघडा मुरूम, गवत जवळजवळ नाही. अक्षर माझंच होतं. ते मी जवळ जाऊन लिहिलं होतं की सावलीत बसून, ते मात्र काही केल्या आठवेना.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना खरं सांगावं की नाही, एवढाही विचार मला सुचला नाही. मी म्हणालो, "धोंडीच्या पलीकडे." त्यांनी काही न विचारता पाऊल उचललं.

धोंडी ओलांडली आणि मी थबकलो. अंजनाखाली मुरूम उघडा होता खरा, पण त्याच्या अलीकडे, आमच्या वाटेवर, कमरेइतक्या वाळल्या गवताचा पट्टा होता. तक्त्यात तो नव्हता. धूर तिथवर आला होता. आबांनी मुंडासं सोडून अर्धं माझ्या तोंडाभोवती गुंडाळलं, माझं मनगट धरलं आणि आम्ही त्या पट्ट्यातून पळालो. उजवीकडून ज्वाळा आल्या. आबा त्या बाजूला होते.

मुरमावर आम्ही पालथे पडून राहिलो. आग गवत संपतं तिथवर आली, काही वेळ कडेनं सरकली, मग दोन्ही अंगांनी निघून गेली. किती वेळ गेला सांगता येत नाही. उठलो तेव्हा आबांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला दिसला.

पाड्यावर त्यांच्या सुनेनं हाताला कोरफडीचा गर लावला. तिच्यासमोर मी सांगून टाकलं, "आबा, ते गवत मी नीट बघितलंच नव्हतं."

ते म्हणाले, "माले समजनं व्हतं. तुमनं तोंड दखीसन."

"मग आलात कशाला?"

"दुसरी जागा माले बी माहीत नव्हती."

सकाळी मी जंगलखात्यातल्या माझ्या साहेबांपुढे उभा राहिलो आणि पश्चिमेचे सगळे तक्ते पुन्हा करावे लागतील, आणि ते का, हे सांगितलं. नोकरी जाणार हे धरूनच गेलो होतो. ते कडक बोलले, पण महिनाभराची मुदत दिली. तो महिना मी प्रत्येक चौकोनात वाकून, हातानं गवत बाजूला सारून बघितलं. कुठे चूल पेटली तरी उठून उभा राहत होतो. आबा महिनाभर आले नाहीत, हात चिघळला होता. मी रोज संध्याकाळी पाड्यावर जाई आणि दारातच उभा राही. आत या म्हणायला त्यांच्या सुनेला बरेच दिवस लागले.