भुकूम ते कासार आंबोली, दिल्लीमार्गे

माझं माहेर कासार आंबोली आणि सासर भुकूम. मध्ये पिरंगुट. रस्ता मोकळा असला तर स्कूटरवर पंधरा मिनिटं लागतात. एवढं अंतर कापायला मला एकदा दिल्लीला जाऊन यावं लागलं. कुणी म्हणेल, बाईचं डोकं फिरलं होतं. फिरलंच होतं, मी नाही म्हणत नाही.

माझा धाकटा भाऊ आणि मी सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. रस्त्याकडची जमीन बंगलेवाल्यांना द्यायची ठरली तेव्हा मी सही केली, पण करताना चार माणसांदेखत त्याला नको ते बोलले. आईच्या माघारी तुला जमीन तेवढी दिसली, बहीण दिसली नाही, असं काहीतरी. त्यानं ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं. मग मीही फिरवलं. माझा स्वभाव असा की भांडण मी सुरू करते आणि ते समोरच्यानं मिटवावं म्हणून वाट बघत बसते. तीस वर्षं अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरांची भांडणं सोडवली, स्वतःचं एक सुटलं नाही.

त्या भावाला लग्नानंतर चौदा वर्षांनी मुलगी झाली. मला कळलं ते दूधवाल्याकडून. बारसं शनिवारी आहे हेही त्याच्याकडूनच कळलं. गावात घरोघर आवतण गेलं, भुकूममध्ये माझ्या चुलत जावेच्या घरीसुद्धा पोचलं. माझ्या दारात कुणी आलं नाही. शनिवार जसा जवळ आला तशी मी स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागले.

माझी सून कंपनीच्या कामासाठी सारखी विमानानं जाते. घरात कमी आणि आभाळात जास्त, असं मी तिला टाकून बोलायचे. भांड्यांचा आवाज ऐकून ती म्हणाली, "आई, मला शुक्रवारी दिल्लीला काम आहे. शनिवारी फिरू, रविवारी परत येऊ. तुमचं तिकीट माझ्या पॉइंटांवर निघतं. चला."

"चल, कुटंबी ने," मी म्हणाले. "बारशाच्या दिवशी मला मुळशी तालुक्यात ऱ्हायाचंच न्हाई."

तर अशी मी रुसून दिल्लीला गेले. शनिवारी सकाळी आठ वाजता हॉटेलच्या खोलीत चहा पीत बसले होते. खिडकीबाहेर इतकं धुकं की समोरची इमारत दिसेना. तेवढ्यात फोन वाजला. भावजय होती. सहा वर्षांनी तिचा आवाज ऐकत होते.

"वन्सं, पाच वाजता पोरीला पाळण्यात घालायचं हाय. तुमी किती वाजता येताय?"

आता सरळ उत्तर होतं, की बाई, मी दिल्लीत आहे. पण ते तोंडातून निघेना. आत्या बारसं चुकवून दिल्लीला पळाली, असं संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात झालं असतं. आणि वाईट म्हणजे ते खरंच होतं. मग भावानं पुन्हा कधी तोंड बघितलं असतं का? मी म्हणून गेले, "येते की. पाचच्या आत येते."

फोन ठेवला आणि त्या थंडीत मला घाम फुटला.

"आई," सून म्हणाली, "आपण दिल्लीत आहोत."

"म्हाईत हाय."

"तिकीट उद्याचं आहे."

"ते बी म्हाईत हाय."

दुसरी कुणी असती तर हसली असती किंवा चिडली असती. हिनं पर्समधून विमान कंपनीचं एक काळं कार्ड काढलं आणि त्याच्या मागचा नंबर फिरवला. दुसऱ्या रिंगला माणूस बोलला. खरा, जिवंत माणूस. मी विजेच्या तक्रारीसाठी फोन केला की अर्धा तास एक दाबा, दोन दाबा करत बसते. इथं त्या माणसानं नमस्कार केला, सुनेचं नाव घेतलं आणि तिचं काय अडलंय ते विचारलं. मी चहाचा कप हातात धरून नुसती बघत राहिले.

धुक्यामुळं आदल्या दिवशीची विमानं रद्द झाली होती, त्यामुळं पुण्याची सगळी भरलेली होती. तरी त्या माणसानं आमची उद्याची तिकिटं आजच्या तारखेवर आणली, फुकट, आणि अकराच्या विमानासाठी आमची नावं थांबलेल्यांच्या यादीत घातली.

"यादीत कितवं?" मी विचारलं.

"पहिलं आणि दुसरं. तुम्ही माझ्याच तिकिटावर आहात, म्हणून तुम्हालाही माझ्याबरोबर धरतात."

"आन् कालपासनं थांबल्यात ते?"

सून बॅग भरायला लागली. मीही पुढं विचारलं नाही.

विमानतळावर आम्हाला रांग अशी लागलीच नाही. बाकीच्यांची रांग नागमोडी वळत दारापर्यंत आली होती. आमच्यासाठी वेगळं टेबल, खाली लाल गालिचा, पलीकडं हसणारी मुलगी. बॅगेचं वजन जास्त भरलं तर तिनं काट्याकडं पाहिलंसुद्धा नाही, एक पिवळा पट्टा बांधला आणि बॅग आत सोडली. मला वाटलं, आपण चुकून कुणा मंत्र्याच्या जागी आलोय, आता कुणीतरी बाहेर काढेल. कुणी काढलं नाही. मी नुसती नवल करत पुढं सरकत होते.

पुढं तपासणीत माझी हातातली पिशवी बाजूला काढली. पोलीस बाईनं एकेक वस्तू वर काढली, आणि तळाशी घडी करून ठेवलेली बाळाची कुंची निघाली. आईच्या जुन्या लुगड्याचा पदर कापून शिवलेली, कडेला लाल गोंडे. सुनेनं ती हातात घेतली.

"ही कधी शिवलीत?"

"पोरगी झाली कळलं त्या दुपारी."

"आणि बारशाला जायचं नव्हतं म्हणून बरोबर दिल्लीला आणलीत."

"तू गप चल," मी म्हणाले. पण डोळे भरून आले होते, ते तिनं पाहिलं.

मग तिनं मला एका मोठ्या खोलीत नेलं. ही फक्त कार्डवाल्यांची आणि त्यांच्या पाहुण्यांची जागा. गाद्यांच्या खुर्च्या, टेबलांवर इडल्या, पराठे, कापलेली फळं, चार प्रकारचे रस, आणि कुणी कशाचा हिशोब विचारत नव्हतं. आमच्याकडं कार्यात कुणीतरी बसा म्हटल्याशिवाय बसायचं नसतं, म्हणून मी ताटली धरून उभीच राहिले. यजमान कोण तेच समजेना. शेवटी कोटातला एक माणूस आला आणि अदबीनं म्हणाला, "माताजी, बैठिए ना." मग बसले. आत अंघोळीची खोली होती, तिथं घड्या केलेले टॉवेल होते. पाठ रगडून देणारी खुर्ची होती. विमानतळावर अंघोळ! मी थक्क झाले होते, दुसरा शब्द नाही. ह्या पृथ्वीवर अशा सोयी आहेत आणि माझी सून त्यात उठबस करते, हे मला आजवर ठाऊकच नव्हतं.

घास मात्र उतरत नव्हता. काचेबाहेर सगळं पांढरं. अकराचे बारा झाले, बाराचा एक झाला. मी मनात मागून मोजत होते. चारच्या आत पुण्यात उतरलो तरच पाचला पोचू. आत्या नसली तर काय करतात तेही मला माहीत होतं. मावशी नाव ठेवते. भावजयीची बहीण तर तिचं बाळंतपण करायला घरातच येऊन राहिली होती.

वेळ जावा म्हणून मी सुनेला विचारलं, असं कार्ड मिळायला किती वेळा विमानात बसावं लागतं. तिनं आकडा सांगितला. मला तो खोटा वाटला. मग मी आठवायला लागले. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला ती नव्हती, दुपारी बॅग घेऊन आली होती. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला ती चेन्नईत होती. नातवाच्या गॅदरिंगचा नाच तिनं फोनवर पाहिला. दरवेळी मी काहीतरी लावून बोलले होते.

"हे सगळं घरी नसल्याबद्दल मिळतं, आई," ती हसत म्हणाली.

मला फार लाज वाटली. तिला तसं सांगायला हवं होतं. मी तिच्या ताटलीत पपईची फोड ठेवली.

दीडच्या सुमाराला विमानाकडं जायच्या दारापाशी गेलो. तिथं जत्रा भरली होती. लोक टेबलाला चिकटून विनवण्या करत होते. एक तरुण माणूस हँगरला लावलेला लग्नाचा कोट उंच धरून उभा होता, गर्दीत चुरगळू नये म्हणून. लग्न त्याचं होतं की भावाचं, कुणास ठाऊक. टेबलामागची बाई त्या सगळ्यांना ओलांडून सरळ आमच्याकडं आली आणि म्हणाली की दोन जागा मिळाल्यात. एक पुढं मोठी, एक अगदी मागं.

मी माझी जागा त्या कोटवाल्याला दिली, असं लिहायला मला आवडलं असतं. दिली नाही. त्याच्याकडं बघायचं टाळलं आणि पुढं झाले. अजून तो कोट डोळ्यासमोर येतो.

पुढची जागा सुनेनं मला दिली आणि आपण संडासाशेजारी जाऊन बसली. माझी खुर्ची म्हणजे आमच्या सोफ्याएवढी. बसल्याबसल्या एका मुलीनं गरम ओला रुमाल दिला. मी तोंड पुसलं, मान पुसली, हात कोपरापर्यंत पुसले. काचेच्या ग्लासात पाणी आलं. सगळा मान सुनेचा, आणि तो माझ्यावर सांडत होता. विमान धुक्यातून वर निघालं तेव्हा ऊन असं भसकन आलं की मी हात जोडले. कुणाला जोडले ते सांगता येणार नाही.

पुण्यात उतरलो तेव्हा चार वाजायला आले होते. सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर सगळ्यांत आधी आमची पिवळ्या पट्ट्याची बॅग आली, बाकीचे बघत राहिले. दहा मिनिटांत आम्ही गाडीत. मला वाटलं, जमलं.

पण तिथून पुढं कार्डाचं राज्य संपलं. शनिवार. अख्खं पुणं गाड्या काढून मुळशीकडं निघालेलं. भूगावची कोंडी टाळायला आम्ही सूसवरून नांदे, लवळे करत निघालो, तर सूसच्या सोसायट्यांपाशीच चाकं थांबली.

"आता दाव तुजं कार्ड," मी म्हणाले.

सून हसली नाही. ती घड्याळ बघत होती. पाच वाजून गेले. पाच-दहाला भावजयीचा फोन आला. मला उचलायचा धीर झाला नाही, मांडीवर वाजू दिला. तो थांबला आणि पुन्हा वाजला नाही. वाजत होता तोवर मला राग येत होता, बंद झाला तेव्हा पुन्हा वाजावा असं वाटलं. संपलं, मी म्हटलं. घातली पोरीला पाळण्यात. नाव ठेवलं मावशीनं.

कासार आंबोलीत पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते, दिवे लागले होते. मांडवात बायका बसलेल्या, पण गाणं नाही, हसणं नाही. घुगऱ्यांच्या पातेल्यावर झाकण तसंच. मी दारात चप्पल काढली आणि आत पाहिलं. पाळणा फुलांनी सजवलेला होता आणि रिकामा होता. भावजय बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. पाळण्याशेजारी खुर्ची टाकून, एवढ्या बायकांत एकटा पुरुष, माझा भाऊ बसला होता. पाळण्याची दोरी त्यानं मुठीला गुंडाळली होती.

"सव्वा तास झाला," भावजय मला म्हणाली. "सगळ्यांनी सांगून बघितलं. माझी बहीण तयार होती. पर हे दोरी सोडंनात. म्हणत्यात, आत्या आल्याबिगर पोरीला नाव न्हाई."

भाऊ माझ्याकडं न बघता बोलला. "भुकूमवरनं यायला येवढा वेळ? चालत आलीस व्हय?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. "दिल्लीवरनं आले."

"दिल्लीला काय हुतं?"

"कायबी नव्हतं. तू आवतण दिलं न्हाईस म्हणून गेले."

तेव्हा त्यानं वर पाहिलं. त्याचे कानाजवळचे केस पिकले होते, ते मला माहीत नव्हतं.

"तुला आवतण?" तो म्हणाला. "आवतण लोकाला देत्यात, अक्का. पोरीच्या आत्याला कोन आवतण देतं?"

सहा वर्षं मी दाराकडं डोळे लावून बसले होते, आणि हा इथं दाराकडं डोळे लावून बसला होता.

त्यानं दोरी माझ्या हातात दिली. पोरीला पाळण्यात घातलं. मी वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं, तर नाव बाहेर पडेना. आत्या नाव सांगते तेव्हा बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात, तशी रीतच आहे. त्यांनी हसत सुरुवात केली. त्या माऱ्यात मी कसंबसं कुर्र केलं आणि नाव सांगितलं. त्यात एक बुक्का जड बसला, लहानपणी बसायचा तसा, दोन खांद्यांच्या मधोमध. बायकांच्या कामात बाप्याचं काय काम, असं मागून कुणीतरी म्हणालं. बाकीचे हात थांबले. तो हात मात्र माझ्या पाठीवर तसाच राहिला.